पाचवी ब

हात आपोआप गेला. घंटा झाली, पोरं उठली, पाट्यांचा खडखडाट झाला, मास्तरांनी फळ्यावरची नदी पुसायला फडकं उचललं, आणि दारापाशी बसलेली मी गुडघ्यावर हात टेकून उठले, चार पावलं पुढं गेले, वाकले, मास्तरांच्या पायांना हात लावला आणि तो कपाळाला लावला. एवढंच. वर पाहिलं तेव्हा मास्तरांच्या हातातलं फडकं हवेतच राहिलेलं होतं आणि पन्नासेक पोरं एकदम चिडीचूप. मास्तर माझ्या मुलापेक्षा, उखापेक्षाही लहान, पंचवीस-सव्वीसचे. नाव पौलस. चिंचपाड्याकडच्या डोंगरातले, ख्रिस्ती. "अहो बाई, हे काय," म्हणत ते मागं सरले ते थेट फळ्याला टेकले, आणि त्यांच्या सदऱ्याच्या पाठीवर अर्धी तापी उमटली. एक पोरगी फिसकन हसली. मलाही हसू आलं असतं, पण तेवढ्यात व्हरांड्यात उभे असलेले शेजारच्या वर्गाचे चुनीलाल मास्तर दिसले. आमच्यातलेच, गुजर, राममंदिरात कीर्तनाला पेटी धरणारे. ते हसत नव्हते. आपल्या माणसाचं काहीतरी उघडं पडलं की माणूस पाहतो तसं ते पाहत होते, आणि मग पाहिलंच नाही असं दाखवून निघून गेले. संध्याकाळी आळीला कळलं. तिसऱ्या दिवशी तापीकाठी आमच्या गावाला कळलं. चौथ्या दिवशी सकाळच्या एसटीनं माझे दीर सुकलाल आणि जाऊ दगूबाई माझ्या नंदुरबारच्या दोन खोल्यांत येऊन बसले.

सुकलाल खाटेवर, दगूबाई चुलीपाशी माझ्याजवळ. सुकलालनं बशीतला चहा संपवला, बशी उपडी घातली आणि म्हणाला, "वहिनी, पंधरा वरीस तुम्ही बुवास्ना कान पकडात. आनि आते एक मास्तरना पाय धरात?" टोमणा चांगला होता. त्याला नेहमीच चांगले टोमणे सुचतात, लहानपणापासून. मी या घरात आले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मला पाहून म्हणाला होता, नवरी तं मन्हापेक्षा बुटकी शे. मी चुलीतलं लाकूड मागं ओढलं. बोलायचं खूप होतं, पण ते एकावर एक चढून बसलं होतं. त्याच्या कोटाच्या वरच्या खिशात घडी केलेले चार कागद दिसत होते. ते काय आहेत हे मला ठाऊक होतं. गावच्या शाळेतून चौथी पास झालेल्या चार पोरींचे दाखले. एक त्याची स्वतःची, तीन भाऊबंदांच्या. गावात चौथीपुढं वर्ग नाही. चौघींनी माझ्याकडं राहायचं, माझ्या हातचं जेवायचं आणि आमच्या आळीच्या सातवीपर्यंतच्या शाळेत जायचं, असं वैशाखात ठरलं होतं. ठरलं म्हणजे, वहिनींनी आधी शाळा पाहावी, मग नाव घालू, असं ठरलं होतं.

शाळा मीच का पाहायची, याचं आमच्या घरात कुणाला नवल वाटलं नव्हतं. मी काही शिकलेली नाही. पोथी लागते, सही करता येते, तीही सावकाश. पण गावात दरसाल हरिनाम सप्ताह होतो आणि सात दिवसांचे सात बुवा कोणते बोलवायचे हे पंधरा वर्षं माझ्या शब्दावर ठरतं. हे कधी, कसं सुरू झालं ते सांगता येणार नाही. नवरा गेला त्या साली मी कीर्तनाला जाऊन बसू लागले, आणि पुढं बायकांत जागा नसे म्हणून, आणि पांढऱ्या कपाळानं पुढं बसणं बरं दिसत नसे म्हणूनही, मी मागं, लोकांचे जोडे पडलेले असतात तिथं बसू लागले. तिथं बसल्यावर कळलं की कीर्तन पुढच्या रांगेवरून ओळखूच नये. पुढचे लोक बुवांच्या तोंडाकडं पाहून माना हलवतात, बुवा पडशानं शिंकला तरी हलवतील. मागं जोड्यांपाशी कोण बसतं? ज्याचा बैल सुटलाय, जिचं पोर रडतंय, जो नुसता सावलीला आलाय, तो. बुवांनी आधी अभंग सांगितला, निरूपण केलं, गळा काढला, इथवर मागची माणसं तंबाखूच मळत असतात. मग बुवा कथेला येतो, आणि खरा असेल तर एका क्षणी तंबाखू मळणारा अंगठा थांबतो. तो थांबला का नाही, एवढंच मी पाहते. लोक मला विचारतात, जसोदाबाई, कीर्तन कसं व्हयनं? मी अंगठ्यावरून सांगते. देवानं मला गळा दिला नाही, ज्ञान दिलं नाही. ही एक जागा दिली.

म्हणून शाळेतही मी मागंच बसले. हेडमास्तर सज्जन माणूस, खुर्ची देत होते. मी म्हटलं, नको, मला दारापाशी बरं. आधी अ तुकडी. उखाची पोरगी, माझी नात तुळशी तिथंच आहे, पाचवीत नुकतीच बसली. वर्ग चांगला, बाकं आहेत, भिंतीला नकाशा आहे, खिडकीतून लिंबाची सावली येते. चुनीलाल मास्तर खुर्चीत बसून म्हणाले, तापी नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. सगळा वर्ग एका आवाजात म्हणाला, तापी नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. मग मास्तरांनी वर्तमानपत्र उघडलं आणि वर्ग म्हणत राहिला. ऐकायला छान वाटत होतं, खोटं कशाला बोलू, टाळ-मृदंगासारखा ठेका धरला होता पोरांनी. पहिली रांग तर डोळे मिटून म्हणत होती. मी मागची रांग पाहिली. शेवटची पोरगी खिळ्यानं स्वतःच्या टाचेवर रेघा काढत होती, आणि तोंडानं तापी पश्चिमेकडे वाहत होती. तिच्या शेजारची वर कौलांतली चिमणी पाहत होती, आणि तोंडानं तापी वाहत होती. तुळशी मधल्या रांगेत. तिचेही ओठ हलत होते. मला बरं वाटेना. घरी आल्यावर मी तिला विचारलं, "काय वं, हाई तापी कोनती?"

"कोनती म्हनजे?"

"आपली? गावनी? जठे तू पवाले शिकनी?"

ती माझ्याकडं कीव आल्यासारखी पाहायला लागली. "ती वायली, मोठी माय. हाई पुस्तकनी शे."

दोन वेळा विचारलं. दोन्ही वेळा तेच. जिच्या पाण्यात तिला नाळेपासून न्हाऊ घातलं, जिच्या वाळूत आमच्या टरबुजांचे वेल जातात, ती नदी वेगळी आणि शाळेतली वेगळी. पोरगी हुशार आहे, हे मी आजी म्हणून नाही सांगत. तिला कुणी सांगितलंच नाही की एकच आहे. आणि तिनं स्वतःच्या मनानं दोन नद्या करून घेतल्या, दोन्हींना नीट जागा दिली, एक परीक्षेची, एक पोहायची. त्या संध्याकाळी मी भाकरी थापताना सारखी थांबत होते. माझ्याही किती गोष्टी अशा दोन-दोन असतील? एक मंदिरातली, एक घरातली?

दुसऱ्या दिवशी ब तुकडी. ब म्हणजे पत्र्याची खोली, मागं, पोरांच्या मुतारीच्या बाजूला. बाकं नाहीत, तरटं. पत्रा सकाळी दहालाच तापतो आणि पोरं अंग चोरून सावलीच्या पट्ट्यात सरकत जातात. इथं सगळी भरती, वसतिगृहात राहणारी डोंगरची पोरं, हातमजुरांची, बलुत्यांची, आणि ज्यांचं नाव उशिरा आलं ती. दारापाशी माझ्याशेजारी एक पोरगी बसली होती, मंगळी नावाची, तोरणमाळच्या खालच्या पाड्यावरची, केसांना तेल नाही, डोळे खाली. मी तिच्याकडंच पाहत होते. माझी जागा म्हणजे तिची जागा. पौलस मास्तरांनी तेच सुरू केलं, तापी नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते, शुद्ध पुस्तकातलं. मला वाटलं, चला, इथंही ठेका. पण त्यांनी वाक्य एकदाच म्हटलं आणि फळ्यावर एक वाकडी रेघ ओढून ती कुठून येते ते अहिराणीत विचारलं, "तापीमाय कथाईन येस रे? कोनी देखी शे?" वर्ग हलला. दहा हात वर. प्रकाशा गावचा घाट कुणी पाहिलेला, कुणाचा मामा नावेवर, कुणी पुराच्या पाण्यात म्हैस वाहून जाताना पाहिलेली. मग मास्तर मंगळीकडं वळले आणि तिच्या बोलीत काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. मंगळीनंही आधी मान वर केली नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, अडखळत, कारण जमातीनं ते कोकणी, ती पावरी, ती बोली त्यांचीही नव्हे, तेही शिकतच होते. त्यांचा एक शब्द चुकला असावा, कारण पोरगी हसली आणि तिनं तो नीट करून दिला. मास्तरांनी तो तिच्यामागं म्हटला. मग ती उठली. ती बोलत गेली, मास्तर तिचं वाक्य-वाक्य आम्हाला आमच्या भाषेत सांगत गेले. तिच्या पाड्याखाली एक ओहोळ आहे. वर पाऊस पडला की तो तांबडा होतो. तो खाली गोमाई नदीला मिळतो. गोमाई कुठं जाते तिला माहीत नाही, ती कधी गेली नाही. मास्तरांनी फळ्यावर तिचा ओहोळ काढला, गोमाई काढली आणि ती प्रकाशाला तापीत सोडली, आणि म्हणाले, "देखा, हाई पोरीना अंगननं पानी तुम्हना घाटवर येस."

मी सात-आठ वर्षांची असेन. आकाश निरभ्र, ऊन रणरणतंय आणि घाटावर धुणं धुताना आईच्या हातातलं पांढरं लुगडं एकदम तांबूस झालं. पाणी चढत होतं. मी घाबरले. आई म्हणाली, वरते पडना व्हई. वर पडला असेल. बस. मग चाळीस वर्षं मी दरसाल ते तांबडं पाणी पाहिलं आणि दरसाल म्हटलं, वर पडला. वर म्हणजे कुठं? वर म्हणजे कुणाच्या अंगणात? वर कोण असतं? मी एकदाही मान वर करून विचारलं नाही. आणि ती वरची पोरगी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. बुवा कथा सांगतात, देव दारात भिकारी होऊन येतो आणि घरचा धनी ओळखत नाही, तेव्हा आम्ही बायका डोळे पुसतो. आमच्या दारात काय काय वाहून येतं ते आम्ही कुठं ओळखतो? समोरच्या तरटावरच्या एका आडदांड पोरानं भोवरा फिरवायला बोटाला दोरी गुंडाळली होती, ती तशीच अर्धी राहिली होती. आणि घंटा झाली. आणि हात गेला.

"वहिनी," सुकलाल म्हणाला, आता टोमणा नव्हता, समजावणी होती, "मी काय झगडाले नही उनू. चुनीलालनी माले सांगं, बाईनं ध्यान नव्हतं, सवयना हात, चुकीसनी गया. तुम्ही बी तेच म्हना. मंदिरमा एक नारळ फोडा. गावले मी सांगस. आनि चारी आंडरी चुनीलालना वर्गमा बसतीन, आजच नाव लिखू."

"आनि नही म्हनू तं?"

"तं दाखला खिसामाच." त्यानं खिशावर हात ठेवला. "आनि तुळशीले बी लई जास. उखाले मी सांगसू."

म्हणजे एक शब्द. चुकी व्हयनी. तेवढा टाकला की पाच पोरी शाळेत. माझ्या मनानं हिशेब घातला नाही असं नाही. घातला. मी म्हटलं, जसोदे, शब्दच तर आहे, पोरी शिकतील. आणि त्यात काल रस्त्यात पौलस मास्तर भेटले होते. सायकलवरून उतरले, हात जोडले आणि खाली पाहत म्हणाले, "बाई, एक विनंती आहे. पुन्हा तसं करू नका. मला इथं राहायचंय. हेडमास्तरांना कुणी तरी विचारून गेलं, हा पोरांना काय शिकवतो, धर्म शिकवतो का." मग सायकल वळवत, "तुम्ही चुकून झालं म्हणालात तरी मला वाईट वाटणार नाही. खरंच." त्यांच्या सदऱ्यावर खडूचा डाग अजून होता, धुऊनही न गेलेला. मला लाज वाटली. माझ्या भक्तीची किंमत या पोरानं मोजायची. मी म्हटलं, पाया पडणार नाही, बाबा. एवढं वचन देते. ते गेले. चुकून झालं म्हणेन, हे दुसरं वचन मात्र मी दिलं नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं का, कोण जाणे.

सवयीचा हात. हो, सवयीचाच. पण मी पिठाचे हात धुताना विचार करत होते, सवयीचं ते चुकीचं, हे कुणी ठरवलं? नामाचं काय सांगतात? घोकून घेतलेलं नाम कच्चं. झोपेत कूस बदलताना तोंडातून येतं ते पक्कं. टाळी आपोआप वाजते तेव्हाच ती टाळी. इतकी वर्षं या हाताला मी एकच शिकवलं, जिथं ऐकून आतलं काही हललं तिथं वाकायचं. जात पाहा, गाव पाहा, गंध पाहा, असं मी त्याला शिकवलं नाही. बाकी सगळ्या अंगाला शिकवलं असेल, पण तो हात सुटला त्यातून. आता तो एकदा खरा वागला तर मीच त्याला खोटं पाडू? आणि समजा पाडलं. चार पोरी अ वर्गात बसतील. ठेक्यात म्हणतील, तापी पश्चिमेकडे वाहते. आणि लोक म्हणतील, जसोदाबाईनं शाळा पाहिली, जसोदाबाईनं पसंत केली. पंधरा वर्षांत मी एका बुवाला, तो व्याह्यांचा मेहुणा असूनही, बरा म्हटलं नाही, आणि पोरींच्या बाबतीत म्हणू?

मी पदराला हात पुसले आणि उठून सुकलालसमोर उभी राहिले. दिरासमोर अशी उभी मी कधी राहिले नव्हते.

"सुकलालभाऊ, तुम्ही माले शाळा देखाले सांगं. मी देखी. आते आयका. शाळा वाईट शे. पोरीस्ले मुतारी नही, दुपारले घर येतीस तं निम्म्या परत जातीस नही. पत्रा तापस. नकाशा एकच, तो बी अ मा. चुनीलाल पेटी चांगली वाजाडस, शिकाडस नही. त्याना वर्गमा मन्ही तुळशी दोन तापी शिकनी. ब मा मास्तर शे. पोरी ब मा घालाव्यात, असं मन्हं मत. आनि हात चुकना नही. त्याले जठे जावानं व्हतं तठेच गया."

"डोंगरना पोऱ्यास्मा? तरटवर?" सुकलालचा आवाज चढला. "ख्रिस्ती मास्तरना हातखाले? वहिनी, गाव काय म्हनी?"

"गावले सांगा, जसोदाबाईले इचारा. सप्ताहना टायमाले इचारतस ना?"

"सप्ताहना बुवा बी आते आम्हीच ठरावसूत."

हे लागलं. ते लागेल हे त्याला ठाऊक होतं. पंधरा वर्षांची माझी ती मागची जागा त्यानं एका वाक्यात उचलून घेतली. क्षणभर मला मंडप दिसला, समया, टाळांचा पहिला खणका, आणि मी नाही. डोळ्यांत आलं ते मी येऊ दिलं. मग म्हटलं, "ठरावा. मी तरी येसू. बसाले कोनी नही म्हनाव नही." आणि तुळशीच्या बाबतीत इतकंच म्हटलं की ती उखानं माझ्या हाती दिलीय, उखा येऊन म्हणेल तर नेईल, दुसरं कुणी नाही. मी दार अडवलं नव्हतं, पण दार माझ्या पाठीमागंच होतं.

इतका वेळ दगूबाई विस्तवाकडं पाहत होती. तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला आणि त्या पदराआडून, नवऱ्याकडं न पाहता, मला विचारलं, "तो मास्तर मारस का वं बाई?"

"नही."

"आनि पोर काही चुकनी तं?"

"तो सोताच चुकस. पोरी नीट करी देतीस."

सुकलाल उठून जोडे घालत होता. "चाल," तो म्हणाला. ती उठली, उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथून वळून म्हणाली, "नाव कोठे लिखनं पडस? हेडमास्तरकडे का अजून कोठे?" सुकलाल जागच्या जागी थांबला. त्यानं तिच्याकडं पाहिलं. बावीस वर्षांच्या संसारात त्याला तिच्याकडून प्रश्न आला नसावा. "हेडमास्तरकडे," मी म्हटलं. "दाखला लागस. पोर लागस. दुसरं काही नही." ते गेले. दाखले खिशातच गेले. कोपऱ्यावर वळेपर्यंत मी पाहत होते. सुकलाल पुढं, आणि दगूबाई रोजच्यापेक्षा दोन पावलं कमी मागं.

सकाळी मी तुळशीची वेणी घातली, घट्ट, आणि तिला घेऊन हेडमास्तरांच्या खोलीत गेले. ते बिचारे उठून उभे राहिले, त्यांना वाटलं मी आता त्यांच्या पाया पडते की काय. मी म्हटलं, पोरीला अ मधून ब मध्ये घाला. त्यांनी चष्मा काढला. "बाई, लोक ब मधून अ मध्ये घाला म्हणायला येतात."

"मी आले आहे."

"तुमच्या घरचे—"

"घरी मीच आहे."

त्यांनी एक छापील कागद काढला. नाव लिहिलं, इयत्ता लिहिली, तुकडी खोडून लिहिली. मग दौतीत टाक बुडवून थांबले. "इथं कारण लिहावं लागतं. तुकडी बदलण्याचं कारण. आजारपण, बदली, असं काही. काय लिहू?"

"लिहा, पालकानं शाळा पाहिली."

"असं कारण बसत नाही, बाई."

"बसवा," मी म्हटलं, आणि सहीसाठी टाक मागायला हात पुढं केला.